गाडीत मावेल तेवढा संसार

परदेशात काही हौशी माणसे मोठी गाडी विकत घेतात. तिच्यातच बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून वर्ष वर्ष फिरत राहतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे, म्हणजे कॅराव्हॅनचे धोरण मंजूर केले. गाडीत काय घ्यावे, काय घेऊ नये, जागा कशी वाचवावी, यावर त्या लोकांची मोठी चर्चा चालते.

आपल्या जालना जिल्ह्यात गाडीत संसार भरून निघणारी माणसे फार जुनी आहेत. त्यांना कुणी पर्यटक म्हणत नाही. ती ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, भोकरदन या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात, आणि दिवाळीच्या आगेमागे अर्धे गाव रिकामे होते. त्यात बंजारा आहेत, वंजारी आहेत, मातंग आहेत, आणि आपली बौद्ध कुटुंबेही आहेत. या माणसांजवळ गाडीत राहण्याचे जे ज्ञान आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. ते लिहून ठेवावे, नव्याने जाणाऱ्या जोडप्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

माझी मावसबहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, आणि दाजी मंठा तालुक्यातून बावीस हंगाम ऊसतोडीला जात आहेत. गेल्या हंगामात त्यांची गाडी भरायला मी गेलो. त्याच गाडीतून शहागडच्या पुलापर्यंत प्रवास केला, आणि पुढे जानेवारीत त्यांच्या अड्ड्यावर दोन दिवस राहून आलो. जे पाहिले आणि अक्काने जे सांगितले तेच येथे देत आहे.

का जावे लागते

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आठ तालुके. दक्षिणेच्या सीमेवरून गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरमधून जातो. त्या पट्ट्यात ऊस उभा दिसतो. बाकीचा बराच जिल्हा मात्र पावसाच्या भरवशावरचा. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. खरीप निघाला की कोरडवाहू माणसाच्या हाताला काम नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची रीघ लागली, ती आजतागायत थांबलेली नाही.

जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांनी सहा महिने तोडून ती उचल फेडायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. आजारपणाने एक दिवस काम चुकले तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे कापले जातात. म्हणून अक्का म्हणते, गाडीत सामान भरताना एकच हिशेब करायचा. कोणती वस्तू माणसाला आजारी पडू देणार नाही?

गाडी भरताना

सकाळी आठला ट्रक आला. दहा कोयत्यांची टोळी, म्हणजे वीस मोठी माणसे, वर लेकरे, तीन शेळ्या आणि कोंबड्यांची दोन डालगी. एवढ्यांचे सहा महिन्यांचे सामान एका ट्रकात बसवायचे होते. प्रत्येक घराच्या वाट्याला एका बाजेएवढी जागा येते.

"भाऊ, ज्या वस्तूला एकच काम येतं ती मी घेत नाही," अक्का म्हणाली.

मी तिचे सामान पाहिले तेव्हा याचा अर्थ कळला. बाज घेतली होती. मला वाटले, एवढी अडचणीची वस्तू कशाला? पण ती गाडीत आडवी उभी करून बांधली की फाळक्याच्या बाजूला भिंत होते, लेकरू बाहेर जात नाही. कोपीत गेल्यावर तीच बाज लेकराला जमिनीपासून दीड हात वर झोपवते. साप-विंचवाच्या मुलखात हे फार मोठे काम आहे. पाण्याचा झाकणाचा ड्रम जाताना रिकामा जात नाही, त्यात तिखट, मीठ, डाळी आणि गुळाच्या पिशव्या भरतात. जुन्या लुगड्यांचे बोचके प्रवासात बसायला गादी होते. अड्ड्यावर चार काठ्या रोवून तीच लुगडी गुंडाळली की बायकांची न्हाणी तयार होते. लोखंडी घमेल्यात प्रवासात भांडी जातात आणि तिथे थंडीत शेकोटी.

तिची यादी मी वहीत उतरवून घेतली. ती अशी.

निवाऱ्यासाठी मोठी ताडपत्री एक, जाड प्लॅस्टिकचा कागद, बांबूच्या कामट्या, सुतळी आणि काथ्याची दोरी, पहार, कुदळ. ताडपत्री स्वस्तातली घेऊ नये. ती दोन महिन्यांत उन्हाने फाटते आणि ऐन अवकाळीत दगा देते.

कामासाठी माणशी दोन कोयते, कानस, जादा मूठ. डोक्यावर मोळी घ्यायला चुंबळ, तीही दोन, कारण घामाने एक ओली झाली की दुसरी लागते. पूर्ण बाह्यांचे जुने सदरे, बायकांनाही. उसाचे पाते हाताला करवतीसारखे कापते, म्हणून साडीवर पुरुषाचा सदरा घालूनच फडात उतरायचे. पायात बूट. चपलेने उसाचे खुंट लागतात आणि जखम चिघळते.

खाण्यासाठी ज्वारी-बाजरीची पोती, तूरडाळ, वर्षाचे तिखट, शेंगदाणे, वाळवणे. तिथल्या दुकानात उधारीवर माल घेतला की भाव दुकानदाराचा आणि हिशेब मुकादमाचा. घरचे धान्य जेवढे जास्त नेता येईल तेवढी उचल लवकर फिटते. चुलीसाठी तवा, काठवट, जर्मनची दोन पातेली, झाकणासहित. झाकण विसरू नये. उसाच्या फडाजवळ धूळ आणि काजळी सारखी उडत असते.

उजेडासाठी बॅटरी आणि उन्हावर चालणारा सोलर दिवा. पूर्वी चिमणी असायची. चिमणी लवंडून पाचटाची कोपी पेटल्याचे प्रसंग जुन्या माणसांना आठवतात. सोलर दिव्याने ती भीती गेली. रात्री बाईमाणसाला बाहेर जायचे तर हातात उजेड असतो.

अंथरुणासाठी दोन वाकळी, एक घोंगडी आणि मच्छरदाणी.

सगळ्यांत शेवटी अक्काने भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढली आणि साडीत गुंडाळून वाकळीच्या मधोमध ठेवली. "हिला काय काम हाय ते विचारू नको," ती हसून म्हणाली.

वाटेत

दुपार टळल्यावर गाडी हलली. मंठ्याहून वाटूर फाटा, तिथून रामनगर. रामनगरला जालना सहकारी साखर कारखाना होता. तो बंद पडला त्याला कित्येक वर्षे झाली. त्याच्या समोरून ऊसतोडीची गाडी सांगली जिल्ह्याकडे जाते, तेव्हा गाडीतली जुनी माणसे तिकडे बोट दाखवतात. तरुण पोरे मोबाईलमध्ये असतात.

जालना शहर लागले. लोखंडाच्या कारखान्यांचे आणि बी-बियाण्यांचे हे गाव. इथेही कामाला माणसे लागतात, पण एकदम मोठी उचल इथे कुणी देत नाही, आणि लग्न किंवा आजारपण ऐन पावसाळ्यात समोर उभे राहिले की उचल हाच एक रस्ता दिसतो, असे दाजी म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब सांगावा तसे त्यांनी सांगितले.

जालन्याच्या पुढे अंबड. मत्स्योदरीचा डोंगर डाव्या-उजव्या वळणांवरून दिसत राहतो. मग वडीगोद्री, तिथे सोलापूर-धुळे महामार्ग मिळतो. याच भागात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. आपल्याच जिल्ह्यात ऊस आणि कारखाना असताना लांब का जाता, असे मी विचारले. जिकडची उचल घेतली तिकडे जायचे, हे उत्तर मिळाले. काही टोळ्या इथेही राबतात.

प्रवासातल्या काळजीच्या गोष्टी मी स्वतः पाहिल्या, त्या सांगतो. सामान आधी खाली, सपाट, आणि जड वस्तू मधोमध. धान्याच्या पोत्यांवर माणसे बसतात. फाळक्यावर किंवा केबिनच्या टपावर कुणालाही बसू द्यायचे नाही, पोरांना तर मुळीच नाही. ट्रॅक्टरने जाणाऱ्यांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या दांड्यावर बसू नये. झोपेत तोल गेला तर माणूस थेट चाकाखाली जातो. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर आहे की नाही हे निघताना आपण स्वतः पाहावे. रात्री रस्त्यात उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही आणि मोठे अपघात होतात. रिफ्लेक्टरची चिकटपट्टी फार महाग नसते. टोळीने वर्गणी काढून घ्यावी.

कोयते एका पोत्यात गुंडाळून, तोंडे आत करून, सुतळीने बांधावेत आणि ते पोते माणसांपासून लांब ठेवावे. कोयता मोकळा राहिला तर गाडीच्या एका गचक्यात रक्त येते. लहान लेकरांना निघण्याआधी पोटभर जेवू घालू नये, गाडी लागते. भाजलेले फुटाणे, भाकरी आणि लिंबू जवळ ठेवावे. पाणी घरचेच, दोन दिवस पुरेल एवढे.

रात्री शहागडला गोदावरीच्या पुलाअलीकडे चहाला गाडी थांबली. पुलापलीकडे बीड जिल्हा. पुढे गेवराई, बीड, पाटोदा, जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, असा रात्रभराचा आणि दुसऱ्या दिवसाचा प्रवास होता. मी इथून परत फिरणार होतो. पण तो प्रसंग शेवटी सांगतो. आधी जानेवारीत अड्ड्यावर जे पाहिले ते.

कोपी

अड्डा म्हणजे कुणाच्या तरी पडीक रानात उभ्या केलेल्या वीस-पंचवीस कोप्या. कामट्या वाकवून कमान करायची, वर पाचट, त्यावर ताडपत्री. आत माणूस मधोमधच उभा राहू शकतो. हंगामात अड्डा दोन-तीनदा हलतो. प्रत्येक वेळी हे घर मोडून पुन्हा ट्रकात भरायचे असते. रोज पहाटे तीन-चारला फडावर जायचे तेही त्याच ट्रकातून. म्हणजे सहा महिने माणसाचे निम्मे आयुष्य गाडीतच.

कोपीची जागा निवडताना अक्का आधी जमिनीचा उतार पाहते. काळ्या रानात खोलगटात कोपी घातली तर एका पावसात चिखल होतो. कोपीभोवती वीतभर खोल चर खणून त्याचे तोंड उताराला काढायचे. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. चूल कोपीच्या बाहेर, आठ-दहा पावले लांब, आणि जवळ पाण्याची एक घागर नेहमी भरलेली. पाचट फार लवकर पेटते.

कोपीत उष्टे-खरकटे ठेवले की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. धान्य ड्रमात किंवा बाजेवर. रोज संध्याकाळी अंथरूण झाडूनच घालायचे. साप चावलाच तर करकचून दोरी बांधू नये, जखमेला चीर देऊ नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ नंबरला फोन करावा आणि सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. ही १०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून चालते आणि तिला पैसे लागत नाहीत. कुठल्या गावाच्या शिवारात आपण आहोत ते नाव टोळीतल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. परमुलखात फोनवर पत्ता सांगता येत नाही आणि गाडी शोधत फिरते.

फडावरच्या लेकरांची गोष्ट सगळ्यांत जपायची. आई तोडत असते, तान्हे लेकरू सावलीला निजवलेले असते, आणि उघड्या फडात सावली ट्रक-ट्रॉलीच्या खालीच असते. चालकाला ते दिसत नाही, तो गाडी मागे घेतो. पाचटात झोपलेले लेकरूही दिसत नाही. असे बळी गेलेले आहेत. गाडीखाली लेकरू निजवायचे नाही, हा नियम अक्काच्या टोळीत सगळ्यांनी पाळला आहे. त्यांनी एक सोय केली आहे. ज्यांच्याने आता तोडणी होत नाही अशी एक वयस्क बाई टोळीबरोबर आणतात. पाच-सहा घरांची लहान लेकरे ती अड्ड्यावर सांभाळते. प्रत्येक घर तिला आठवड्याला ठरलेले पैसे आणि भाकरी देते. नव्या टोळ्यांनी हे जरूर करावे.

पाणी आणि दुखणी

पाणी विहिरीचे किंवा कॅनॉलचे. ते चारपदरी स्वच्छ कापडातून गाळून उकळावे. सरपणाला पाचट मिळते, त्यामुळे पाणी उकळायला जळण कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. अक्का रात्रीच्या स्वयंपाकानंतर चुलीच्या निखाऱ्यावर मोठे पातेले ठेवते, उकळी आली की झाकून ठेवते. सकाळी तेच पाणी फडावर. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चहाच्या चमच्याने, हे प्रमाण पाठ असू द्यावे. थोडे थोडे पाजत राहावे. निघण्यापूर्वी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. कोयत्याचा घाव सहा महिन्यांत एकदा तरी लागतोच.

आता भगिनींसाठी दोन शब्द. पाळीच्या दिवसांत मोळ्या वाहाव्या लागतात, पाणी कमी, आडोसा नाही. कापड वापरणाऱ्यांनी ते साबणाने धुऊन कडक उन्हातच वाळवावे. लाजेने अंधारात, ओल्या जागी वाळवलेल्या कापडाने आजार वाढतो. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे ही दुखणी औषधाने बरी होऊ शकतात. पण खाडा पडेल या धास्तीने बाई अंगावर काढते आणि शेवटी कुणी तरी पिशवीच काढून टाक म्हणतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे किती झाले ते २०१९ साली उघड झाले. सुमारे ८२ हजार ऊसतोड भगिनींच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. गर्भपिशवी काढल्यानंतर पुन्हा फडावर वाकून काम करायचेच असते, आणि अंगदुखीला अंत राहत नाही. ऑपरेशन कुणी सांगितले तर लगेच हो म्हणू नये. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. गरोदर भगिनीने माता-बाल कार्ड बरोबर न्यावे. जिथे असाल तिथल्या अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात तपासणी आणि लेकराची लस मिळते. आम्ही परगावचे, आम्हाला देतील का, असे मनात आणू नये.

कागदांचा डबा

दाजींच्या सामानात एक घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, लेकरांची कार्डे आणि एक वही.

रेशनचे धान्य दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही अंगठा लावून उचलता येते. पुष्कळांना हे ठाऊक नाही आणि सहा महिने हक्काचे धान्य सोडून ते दुकानातून विकत घेतात. कोयता धरून अंगठ्याच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. म्हणून निघण्याआधीच गावच्या दुकानात घरातल्या प्रत्येकाचा अंगठा लागतो का ते तपासावे, म्हणजे एकाचा नाही लागला तर दुसऱ्याचा लागेल.

वहीत तीन गोष्टी लिहायच्या. किती उचल घेतली, कुठल्या तारखेला. रोज किती टन ऊस भरला. मुकादमाने मध्ये किती खर्ची दिली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचा करार झाला. पण दर वाढला तरी टन किती झाले हे आपल्याकडे लिहिलेले नसेल तर वाढ कुणाच्या खिशात गेली ते कळत नाही. दाजींना लिहिता येत नाही. बावीसपैकी पहिले कितीतरी हंगाम मुकादम सांगेल तो हिशेब होता. एका वर्षी एवढे राबूनही उचल फिटली नाही, उलट अंगावर बाकी निघाली आणि पुढच्या वर्षी तीच फेडायला पुन्हा जावे लागले. त्यानंतर त्यांच्या थोरल्या मुलीने वही सुरू केली.

गाडीत काय भरायचे नाही

आता शहागडच्या पुलावरची गोष्ट. ती खरे तर गावातच सुरू झाली होती.

अक्काची धाकटी मुलगी आठवीत आहे, आणि एक मुलगा तीन वर्षांचा. गाडी भरताना मुकादमाने विचारले, "पोरगी येती ना?" पोरगी आली की ती स्वयंपाक करते, पाणी भरते, भावाला सांभाळते. आई तेवढा वेळ फडात जास्त राहते. हिशेबाने पाहिले तर पोरगी नेणे फायद्याचे. दाजींच्या मनात न्यायचेच होते. आजी थकलेली, मोठी होत चाललेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. पुष्कळ आईबाप याच काळजीने मुलींना बरोबर नेतात आणि याच काळजीने मुलींची लग्ने लवकर उरकतात.

अक्का काही बोलली नाही. तिने पोरीचे दप्तर उचलून ओट्यावर ठेवले. गाडीत ठेवले नाही.

थोरल्या मुलीला त्यांनी आठवीतच बरोबर नेले होते. वही लिहिणारी तीच. हंगाम संपवून आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. दुसऱ्या वर्षी ती शाळेत गेलीच नाही, आणि सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. आज ती आणि जावई घनसावंगी तालुक्यातून कोयता धरतात.

शेवटी मुख्याध्यापकांनी मार्ग काढला. जी मुले मागे राहतात त्यांच्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुले गावातच राहतात, शाळेच्या देखरेखीत त्यांच्या जेवणाची सोय होते. शिवाय २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वेगळी वसतिगृहे मंजूर केली, त्यात जालना जिल्हाही आहे. चौकशी गटशिक्षणाधिकारी आणि समाजकल्याण कार्यालयात करावी, आणि ती गाडी लागायच्या दिवशी नाही, श्रावणातच करावी. जागा भरून जातात. ज्यांना मूल नेण्यावाचून गत्यंतर नाही त्यांनी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. ते दाखवले की तिकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल बसते. दाखला आणला नाही म्हणून कुणी नाकारू शकत नाही, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आहे.

पोरगी आजीजवळ राहिली. गाडी हलली तेव्हा ती ट्रकामागे दोन पावले आली आणि थांबली. धाकटा मात्र आईच्या कडेवर होता, त्याला ठेवणे शक्यच नव्हते.

पुलाजवळ मी उतरलो तेव्हा दाजी खाली आले. म्हणाले, "पाव्हणं, म्हातारीला काही झालं तर पोरीचं काय? महिन्यातून एकदा जाऊन बघाल का?" मी हो म्हणालो. जालन्याहून मंठा काही लांब नाही. अक्का वरूनच ओरडली, "नुस्तं बघू नको, तिची वही तपास."

त्या महिन्यांत मी सहा वेळा गेलो. एकदा आजीला ताप होता. शेजारच्या घरी दोन दिवस पोरगी जेवली. एकदा ती खूप रडली, मलाही गाडीत घालून न्या म्हणाली. डिसेंबरात आईचा फोन सहा दिवस लागला नाही, अड्डा हलला होता. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. तिकडे फडावर एक हात कमी होता, त्यामुळे अक्काची उचल थोडी अंगावर राहिली. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, गाडी परत आली, आणि पोरीने एप्रिलमध्ये परीक्षा दिली. आता ती नववीत आहे. यंदाच्या हंगामाचे काय करायचे यावर घरात पुन्हा बोलणे चालू आहे.

वाचकहो, ताडपत्री, बाज, सोलर दिवा ही यादी कात्रण काढून ज्यांना उपयोगी पडेल त्यांना द्या. पण आपल्यापैकी जे जालन्यात, परतुरात, अंबडमध्ये नोकरी-धंद्याने स्थिरावले आहेत, ज्यांच्या डोक्यावर पत्र्याचे का होईना पक्के घर आहे, त्यांना माझे सांगणे वेगळे आहे. दसऱ्याआधी आपल्या नात्यात, वस्तीत चौकशी करा. कुणाची गाडी लागणार आहे, कुणाचे लेकरू आठवी-नववीत आहे. सहा महिने एक ताट वाढवणे जमत असेल तर वाढवा. तेही जमत नसेल तर महिन्यातून एकदा जाऊन वही तपासा. एवढ्यानेही एक दप्तर गाडीत चढत नाही.